शंभर गुण आमच्या हाती

सदर : खडू-फळा

बोर्डाची उत्तरपत्रिका तपासताना बारकोडमागचं मूल कोण, कुठल्या गावचं, हे तपासणाऱ्याला कळत नाही. कळू नये अशीच व्यवस्था आहे, आणि ती चांगली आहे. यंदा, २०२१ मध्ये, कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि सगळं उलटं झालं. उत्तरपत्रिकाच नाही, मूल मात्र पुरतं ओळखीचं. दहावीचे गुणतक्ते भरण्याआधीचा हा शनिवार-रविवार मी अलिबागमध्ये घरीच आहे. बाहेर पाऊस, मासेमारी बंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि माझ्यापुढे हजेरीपट. एकेका नावावर थांबत मी खाली सरकते आहे.

२८ मे २०२१ ला सरकारने गुणदानाचं सूत्र जाहीर केलं. नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीतल्या लेखी मूल्यमापनाचे ३०, आणि तोंडी, गृहपाठ, प्रात्यक्षिकाचे २०. म्हणजे प्रत्येक विषयाचे शंभरच्या शंभर गुण शाळेच्या हाती. याच सरकारी व्यवस्थेला तीन वर्षांपूर्वी आमच्या हातचे २० गुणही नको होते. शाळा खिरापतीसारखे गुण वाटतात, असं म्हणून २०१८-१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले. निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, पालक हवालदिल झाले, आणि पुढच्याच वर्षी ते २० गुण परत मिळाले. त्या काढण्याला शिकवण्याशी जोडलेलं कारण नव्हतं, देण्यालाही नव्हतं. आताचे शंभरही असेच आले आहेत, दुसरा इलाज उरला नाही म्हणून. अकरावीच्या प्रवेशासाठी ऐच्छिक सीईटीची सोय त्याच घोषणेत करून ठेवली, यावरून आमच्या गुणांवर किती भरवसा आहे ते दिसतंच.

पण मला खरा घोर आहे तो त्या ५० गुणांचा. ही मुलं नववीत असताना, एप्रिल २०२० मध्ये, दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली. त्यांचा नववीचा निकाल लागला तो पहिलं सत्र आणि अंतर्गत मूल्यमापन धरून. याचा अर्थ असा, की चौदा वर्षांच्या मुलाने २०१९ च्या दिवाळीच्या आसपास काय लिहिलं, त्यावर आज त्याच्या दहावीचा मोठा भाग उभा आहे. नववी-दहावीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, कितीतरी मुलं दहावीतच जागी होतात. नववीत बीजगणित नको म्हणणारा मुलगा दहावीच्या डिसेंबरात वर्गसमीकरणं सोडवायला लागतो. त्याला सूत्रात जागा कुठे आहे?

आणि यांची दहावी कशी सुरू झाली, तेही मुंबई-पुण्यात बसून कळायचं नाही. शाळेचं वर्ष सुरू व्हायच्या तोंडावर, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. चौल-नागावच्या वाड्यांत सुपारी-नारळ आडवे झाले, घरांचे पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाइलचे मनोरे बंद. राज्यभर ऑनलाइन वर्गांचा गाजावाजा चालला होता, तेव्हा आमची मुलं बापाबरोबर पडलेली झाडं तोडत होती, भिजलेली वह्या-पुस्तकं वाळत घालत होती. वीज आली तर घरात फोन एकच, आणि तो वडील कामावर घेऊन जाणार. रात्री साडेनऊला एखादी मुलगी वहीच्या पानाचा फोटो पाठवायची, "बाई, आत्ता फोन मिळाला." हजेरीपटावर त्या दिवशी ती गैरहजर आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग उघडायची परवानगी मिळाली. मुखपट्टीवरचे डोळे तेवढे दिसायचे. थोडं शिकवून होतंय तोवर दुसरी लाट आली. काहींच्या घरी माणसं गेली. त्या मुलांचे स्वाध्याय माझ्याकडे नाहीत, आणि मी ते मागणारही नाही.

म्हणून हे दोन दिवस मला हवे होते. सूत्रात आकडे भरायला एक दुपार पुरते. पण या मुलाला गणित किती येतं, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारायला निवांतपणा लागतो. आवडत्या मुलाला दोन गुण जास्त जात नाहीत ना, वर्गात उलट बोलणाऱ्याला कमी जात नाहीत ना, हे उत्तरपत्रिकेचा आडोसा नसताना पाहायचं असतं. मी प्रत्येक नावापुढे आकड्याआधी एक वाक्य लिहिते आहे: प्रमेय समजतं, मांडता येत नाही. गुणाकारात चुकते, रीत बरोबर. आकडा त्या वाक्याला धरून आला नाही, तर पुन्हा नोंदी काढते.

यंदा निकाल शंभराला टेकेल हे आत्ताच दिसतं आहे. मग या मुलांना 'कोरोना बॅच' म्हणून हसतील, त्यांच्या गुणपत्रिकेकडे नोकरीच्या दारातही संशयाने पाहतील. मला ते सहन होत नाही. या मुलांनी परीक्षा टाळली नाही, ती सरकारने रद्द केली. आणि ज्यांना २० गुणांचाही अधिकार द्यायचा नव्हता, त्यांच्यावर एका जीआरने शंभर गुण टाकायचे, हा खेळ थांबायला हवा. शिक्षकाच्या मूल्यमापनाला कायमची, ठरावीक जागा द्या. नोंदी कशा ठेवायच्या ते शिकवा. दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाकडून त्या तपासून घ्या. साथ ओसरली की पुन्हा सगळं तीन तासांच्या पेपरवर नेऊ नका.

शाळेच्या निकाल समितीपुढे मी दोन गोष्टी ठेवणार आहे. रात्री उशिरा फोनवर आलेले स्वाध्याय वेळेत आलेल्यांइतकेच धरावेत. आणि नववीत मागे पडून दहावीत पुढे आलेल्या मुलांची नावं, त्यांच्या दहावीतल्या कामासह, वेगळी काढून ठेवावीत. सूत्रातले नववीचे ५० गुण बदलता येणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण अकरावीच्या प्रवेशाला ही मुलं जातील, तेव्हा शाळेच्या सही-शिक्क्याचं एक पत्र त्यांच्या हाती देता येईल.

(लेखिका अलिबाग तालुक्यात माध्यमिक शिक्षिका आहेत. जून २०२१)