चाचणी बाईच्या दारी कधी?

न्हावा शेवा बंदर 1989 साली सुरू झाले. जगभरचा माल तिथे उतरतो. पण शेजारच्या उरणच्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची खात्रीची चाचणी गावाजवळ मिळावी, हे कुणाच्या खरेदीच्या यादीत आहे?

या चाचणीचा उपयोग आपल्याच बायकांच्या शरीरांवर सिद्ध झाला. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील 1,31,746 स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. 31,488 जणींना मात्र केवळ तुलनेसाठी तपासणीविना ठेवले होते! 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच चाचणी पसंतीची ठरवली. आपल्या सरकारची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वे ॲसिटिक ॲसिड लावून नजरेने पाहण्यावरच थांबली.

चाचणी महाग आहे, असे सांगतात. मैत्रिणींनो, सुटी खरेदी महागच पडते. एकत्रित, हमीची मागणी नोंदवली की भाव उतरतो. 2025 मध्ये देशी चाचण्याही पडताळून सिद्ध झाल्या. तेव्हा सरकारने एकत्रित खरेदी करावी, दर जाहीर करावेत, नमुना बाईला स्वतः घेऊ द्यावा, आणि दोष आढळल्यास उपचार तालुक्यातच द्यावेत. उपचाराविना चाचणी म्हणजे नुसती धास्ती. ही मागणी आपण प्रत्येक ग्रामसभेत मांडू या.