विश्वास वारशानं मिळत नाही

टोकियोच्या कोतो वॉर्डातल्या ओजिमात राहणाऱ्या मराठी माणसाला तसं फारसं काही कमी पडत नाही. तूरडाळ मिळते, इमारतीखाली उतरलं की मराठी कानावर पडतं, गणपती-दिवाळीला आग्रहाची बोलावणी येतात. आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घराला मात्र रविवारची सकाळ जड जाते. नगरला असताना घंटा झाली की पाय आपोआप चर्चकडे वळायचे. 'उपासना संगीत' आजीच्या पिशवीत असायचं, प्रार्थना पाळकसाहेब करायचे, आपण फक्त 'आमेन' म्हणायचं. जपानमध्ये ख्रिस्ती माणसं लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का. इथे रविवारी तुम्ही कुठे होतात, असं कुणीही विचारत नाही. मग प्रश्न पडतो, हा विश्वास माझा, की आजीचा?

ही पोकळी भरायला हातात फोन असतोच. सकाळी फॅमिली ग्रुपवर वचनांचे फॉरवर्ड, रात्री यूट्यूबवर प्रवचन. त्यात वाईट काही नाही. पण हल्ली गाडी त्याच्याही पुढे गेली आहे. ओळखीतल्या एका कुटुंबानं नोकरी बदलावी की नाही, हे भारतातल्या एका प्रचारकाला व्हिडिओ कॉलवर विचारलं. 'देव नाही म्हणतोय' असं उत्तर आलं आणि चांगली ऑफर सोडून दिली. वडीलधाऱ्यांचा सल्ला घेणं वेगळं. देवाशी बोलायचं कामच दुसऱ्याकडे सोपवणं वेगळं. आम्ही आयटीवाले याला आउटसोर्सिंग म्हणतो, आणि ते इथे चालत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेतली थोर माणसं तर अगदी उलट वाटेनं गेली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच पुढे त्यांचे मतभेद झाले. चर्च सांगतं म्हणून सगळं डोळे मिटून मानायला रमाबाई तयार नव्हत्या. शास्त्र स्वतः वाचून विवेकाला पटलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं आहे, की बाप्तिस्म्यानंतरही बरीच वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढ्या विदुषीनं हे कबूल केलं, यातच सगळं आलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल त्यांनी उतरवलं. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत ते काम चालू होतं. लोकांनी आपल्यावर विसंबून राहू नये, स्वतः वाचावं, यासाठीच हा खटाटोप.

कुणी म्हणेल, त्या पंडिता होत्या, आपलं काय! मग लक्ष्मीबाई टिळकांकडे बघा. शिक्षण बेताचंच. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा घर मोडलं. पुढे नवऱ्याकडे परत आल्या, तरी त्याच्यामागून त्यांनी धर्म बदलला नाही. सोवळं-ओवळं पाळत राहिल्या, बघत राहिल्या, मनाशी भांडत राहिल्या. आधी जातिभेद मनातून गेला आणि बाप्तिस्मा त्यांनी पाच वर्षांनी घेतला, स्वतःला पटल्यावर. 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळं त्यांनी हसत-हसवत सांगितलंय. नवऱ्याचा विश्वासही बायकोला उसना घेता येत नाही, हे त्यांच्याइतकं सरळ क्वचितच कुणी दाखवलं असेल.

टिळकांचा जन्म १८६१ चा. त्याच वर्षी इथे टोकियोत, म्हणजे तेव्हाच्या एदोत, उचिमुरा कान्झो जन्मले. साप्पोरोच्या शेतकी कॉलेजात वरच्या वर्गातल्या मुलांनी दबाव आणून त्यांच्याकडून ख्रिस्ती करारावर सही घेतली. म्हणजे सुरुवात दुसऱ्यांच्या इच्छेनं झाली! पण ते तिथे थांबले नाहीत. अमेरिकेत गेले, झगडले, आणि मिशनऱ्यांच्या छत्राबाहेर 'मुक्योकाई' म्हणजे चर्चविना ख्रिस्ती चळवळ उभी केली. आमच्या ओजिमातून जाणाऱ्या मेट्रोचं एक टोक शिंजुकू. त्याच भागातल्या काशिवागीत त्यांच्या घरी बायबलचे वर्ग भरायचे.

यावर एक आक्षेप हमखास येतो : प्रत्येकजण आपापलं वाचायला लागला तर मंडळी मोडेल. पण उचिमुरांचे विद्यार्थी एकत्रच जमायचे आणि रमाबाईंनी तर शेकडो बायकांचं गाव वसवलं. स्वतः शोधणं म्हणजे एकटं पडणं नव्हे. उलट हातात स्वतःचं काही असलेली माणसं एकत्र आली, तरच देवाणघेवाण होते. नाहीतर सगळेच घेणारे, देणारा एकच, आणि तोही स्क्रीनवर.

हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. माझ्या मुलीला इथल्या शाळेत मैत्रिणीनं विचारलं, तू देवाला का मानतेस? ती म्हणाली, आजी मानते म्हणून. आठ वर्षांच्या पोरीला हे उत्तर पुरेसं आहे, अठराव्या वर्षी पुरणार नाही. तेव्हा आजी तिच्याजवळ नसेल आणि तिच्या आजूबाजूचं जग ख्रिस्ती नसेल.

म्हणून परदेशातल्या माझ्या ख्रिस्ती बांधवांना एवढंच सुचवतो. मार्कच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय आहेत. दर रविवारी एक, घरातल्या सगळ्यांनी मोठ्यानं वाचा, आणि प्रवचनाचा व्हिडिओ लावण्याआधी प्रत्येकानं आपला एक प्रश्न वहीत लिहा. चार महिन्यांत होतं. आणि तिकडच्या आजी-आजोबांनो, नातवंडांकडून वचनं जरूर पाठ करून घ्या. फक्त त्यांनी 'कशावरून?' असं विचारलं, तर 'असं विचारू नये बाळा' म्हणू नका. रमाबाईंनीही तेच विचारलं होतं.