कोंबडीखत कुंडीत घाला, पण पूर्ण कुजलेलेच

गच्चीवर आणि गॅलरीत टोमॅटो, मिरची, वांगी लावणाऱ्यांना शेणखताच्या जोडीने आता कोंबडीखतही विकत मिळते. त्याच्या कसाबद्दल वाद नाही. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते, तर वाळलेल्या कोंबडीखतात तीन टक्क्यांच्या आसपास. स्फुरदही बरेच जास्त असते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी असल्याने त्यांच्या विष्ठेत कॅल्शियमही भरपूर येते. पण कुंडीत घात होतो तो याच कसाने. शेणखताच्या सवयीने तेवढ्याच वजनाचे कोंबडीखत घातले, तर झाडाच्या वाट्याला सहापट नत्र येते. म्हणून कोंबडीखत कुंडीत जावे ते पूर्ण कुजलेलेच, आणि ते कुजवण्याची जबाबदारी गॅलरीतल्या माणसापेक्षा विकणाऱ्याची असावी.

कोंबडीच्या विष्ठेतले बरेचसे नत्र युरिक आम्लाच्या रूपात असते. ओल मिळताच जिवाणू त्याचा झपाट्याने अमोनिया करतात. कच्च्या खताचा डोळ्यांना झोंबणारा उग्र वास त्याचाच, आणि कोवळी मुळे जळतात तीही त्यामुळेच. शिवाय त्यात क्षार जास्त असतात. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ताजे कोंबडीखत शेतात टाकत आले, त्यांचे काय बिघडले, असे यावर विचारले जाते. शेतात ते बहुधा लागवडीआधी पुरेसा काळ राखून पसरले जाते, नांगरटीत खोल मिसळते, आणि पावसाच्या पाण्याबरोबर क्षार खाली निघून जातात. कुंडीत वीतभर मातीत सगळी मुळे दाटलेली असतात. त्यांना खतापासून दूर सरकायला जागाच नसते. पानांच्या कडा करपल्या की झाड उपाशी आहे असे समजून आणखी खत घातले जाते, आणि दुखणे वाढते.

दुसरा धोका खाणाऱ्याला आहे. कच्च्या विष्ठेत साल्मोनेला आणि ई. कोलाय यांसारखे रोगजंतू असू शकतात. कोथिंबीर, मेथी, पालक मातीलगत वाढतात. कोथिंबीर तर बरेचदा कच्चीच खाल्ली जाते. खत पाण्यात भिजवून पातळ केल्याने मुळांवरचा मारा कमी होईल, पण जंतू मरणार नाहीत. त्यासाठी ढीग काही दिवस 55 अंश सेल्सिअसच्या वर तापावा लागतो आणि आतबाहेर सगळीकडे ती उष्णता पोचावी म्हणून वरखाली करावा लागतो. कोंबडीखतात नत्राच्या मानाने कर्ब कमी असल्याने त्यात वाळलेला पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसाही मिसळावा लागतो. गॅलरीतल्या बादलीत एवढी उष्णता टिकत नाही. त्याला साधारण घनमीटरभर ढीग हवा. तो खत विकणाऱ्याला किंवा जागा असलेल्या सोसायटीला जमेल, दोन खोल्यांच्या घराला नाही.

एवढी कटकट असेल तर रासायनिक खतच बरे, असे कोणी म्हणेल. पण ते माती भुसभुशीत ठेवत नाही, आणि त्याचेही प्रमाण चुकले तर मुळे जळतातच. उलट नीट कुजलेल्या कोंबडीखताला मातीसारखा वास येतो, ते हाताला गरम लागत नाही आणि नत्र सावकाश देते. कुंडीतल्या मातीच्या मिश्रणात ते दहाव्या भागाहून जास्त नसावे, एवढे पाळले तरी पुरे. विकणाऱ्यावर कुजवण्याची सक्ती केल्यास खत महागेल, हा आक्षेप खरा आहे. पण स्वस्त पोत्यापायी हंगामभर वाढवलेली झाडे गेली, तर ते खत स्वस्त कसले? खत नियंत्रण आदेशात 2006 पासून सेंद्रिय खतांचाही समावेश आहे. शहरी कंपोस्टमधले क्षार, कर्ब-नत्र गुणोत्तर आणि रोगजंतू यांसाठी त्यात निकष आहेत. त्याच धर्तीवर कुंड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या कोंबडीखताच्या प्रत्येक पिशवीवर ते कसे आणि किती दिवस कुजवले, त्यात नत्र व क्षार किती, आणि एका कुंडीला किती घालायचे, हे मराठीत छापलेले असलेच पाहिजे. कृषी खात्याने हा आग्रह धरावा. तोवर ज्या पिशवीवर ही माहिती नाही, ती ग्राहकांनी घेऊ नये.