पर्याय दोनच, पायथन तिसरीकडे

नांदेडच्या एका महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीने या आठवड्यात तिची चाचणीची उत्तरपत्रिका मला पाठवली. प्रश्न होता: पायथनमध्ये 'कॉल बाय व्हॅल्यू' असतं की 'कॉल बाय रेफरन्स'? तिने दोन्ही पर्याय खोडून 'दोन्ही नाही, यादी बदलता येते पण नाव बदलता येत नाही' असं लिहिलं होतं. गुण शून्य. पूर्ण गुण तिलाच मिळायला हवे होते.

बारावीला सी प्लस प्लसमध्ये मुलं ही जोडी पाठ करतात, आणि तिथे ती बरोबरच आहे. तिथे व्हेरिएबल म्हणजे मेमरीतली ठरलेली जागा. फंक्शनला किमतीची प्रत द्या, नाहीतर अँडचं चिन्ह लावून ती जागाच द्या. म्हणून तर चिन्ह लावलं नाही की स्वॅपचा प्रोग्राम चालत नाही.

पायथनमध्ये नाव म्हणजे जागा नव्हे. नाव वस्तूला बांधलेलं असतं आणि फंक्शनच्या हाती पडतं ते त्याच वस्तूचं आणखी एक नाव. सातबाऱ्याची झेरॉक्स बटईदाराला द्यावी तसं. त्याने त्या गटात सोयाबीन पेरलं तर ते मालकाच्याच शेतात उगवतं. शेत एकच आहे. पण आपल्या झेरॉक्सवरचा गट नंबर खोडून त्याने दुसरा लिहिला, तर मालकाच्या उताऱ्याला काही होत नाही. फंक्शनच्या आत यादीला अपेंड करणं ही पेरणी: बाहेरची यादीही वाढलेली दिसते. त्याच नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकून नवी यादी ठेवणं ही खाडाखोड: बाहेर काहीच हलत नाही. पेरणीच पाहिलेला 'रेफरन्स' म्हणतो, खाडाखोडच पाहिलेला 'व्हॅल्यू'.

हे काही नवं नाही. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९७४ च्या सुमारास सीएलयू या भाषेसाठी याला 'कॉल बाय शेअरिंग' म्हटलं. पायथन आली १९९१ मध्ये.

बहुपर्यायी प्रश्नांवर मी इथे वारंवार लिहितो, तरी पुन्हा लिहितो. लातूर पॅटर्नमधल्या अशाच प्रश्नांच्या सरावाने खेड्यापाड्यांतली मुलं डॉक्टर झाली, हे श्रेय मोठं आहे. पण तीच घोकंपट्टी प्रोग्रामिंगच्या वर्गात शिरली आहे, आणि पुण्यातल्या मुलाखतींत आपली मुलं अडतात ती यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

प्राध्यापकांनी एवढंच करावं. प्रश्नपत्रिकेत पाच ओळींचा कोड छापावा, फंक्शनच्या आत आधी अपेंड, मग नवी यादी. शेवटी बाहेर काय छापलं जाईल ते विचारावं, आणि 'का' याला निम्मे गुण ठेवावेत.