गोळीतलं गाजर
त्वचा तुकतुकीत राहावी म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या बिनदिक्कत घेणाऱ्यांना फिनलंडमधला प्रयोग कुणीतरी सांगायलाच हवा. तिथं सिगारेट ओढणारे २९ हजारांवर पुरुष निवडले आणि त्यांतल्या निम्म्यांना वर्षानुवर्षं रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन दिलं. गाजराला केशरी रंग देतं तेच हे द्रव्य. कर्करोग टळेल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. गाजर खुशाल खा. धोका दिसला तो मोठ्या मात्रेच्या गोळीत, तोही धूम्रपान करणाऱ्यांना. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर त्यांच्या गोळ्यांच्या डबीवरचा मजकूर आजच वाचा, आणि बीटा कॅरोटिन दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.