वर कळवलं होतं

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात स्टेट कॉलेज नावाचं एक विद्यापीठगाव आहे. तिथल्या एका भिंतीवर गावाला अभिमान वाटावा अशा माणसांचं भलंमोठं चित्र रंगवलेलं आहे. पेन स्टेट विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक ज्यो पटर्नो त्यात अर्थातच होते. २२ जानेवारी २०१२ ला फुप्फुसाच्या कॅन्सरने ते गेले आणि चित्रकाराने त्यांच्या डोक्यावर संतांसारखं तेजोवलय काढलं. सहा महिने झाले नाहीत तोच त्याने स्वतःच ते पुसलं. त्याच भिंतीवर आणखी एक चेहरा होता, जेरी सँडस्कीचा. तो तर आधीच खोडला गेला होता.

माणूस गेल्यावर लोक काय बोलतात, याचा विचार मनात आला की मला ती भिंत आठवते.

पटर्नोंवरचं लोकांचं प्रेम खोटं नव्हतं. १९५० मध्ये ते सहायक म्हणून आले, १९६६ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०११ पर्यंत तिथेच राहिले. ४०९ विजय, दोन राष्ट्रीय अजिंक्यपदं. पण गाव त्यांना मानायचं ते केवळ आकड्यांसाठी नव्हे. खेळाडूने वर्गात बसलं पाहिजे, पदवी घेतली पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. जर्सीच्या पाठीवर खेळाडूचं नाव नसायचं, कारण संघ मोठा. स्वतः साध्या घरात राहिले आणि विद्यापीठाला लाखो डॉलर दिले. तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. फुटबॉलच्या प्रशिक्षकाच्या नावाचं ग्रंथालय! मला ही गोष्ट आजही फार मोठी वाटते. म्हणून जानेवारीच्या त्या थंडीत अंत्यदर्शनाला तासन्‌तास रांगेत उभी राहिलेली माणसं मला वेडी वाटत नाहीत. त्यांचा आधार गेला होता.

पटर्नो जाण्याच्या अडीच महिन्यांपूर्वीच सँडस्कीला अटक झाली होती. तो पटर्नोंचा वर्षानुवर्षांचा सहायक. गरजू मुलांसाठी त्याने संस्था काढली होती आणि त्याच मुलांवर तो अत्याचार करत होता. २००१ च्या फेब्रुवारीत संघाच्या एका तरुण सहायकाने त्याला रात्री खेळाडूंच्या न्हाणीघरात एका लहान मुलाबरोबर पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पटर्नोंच्या घरी गेला आणि त्यांना सांगितलं. पटर्नोंनी क्रीडा संचालकांना सांगितलं. शनिवार होता, लोकांच्या सुट्टीत व्यत्यय नको म्हणून लगेच फोन केला नाही, असं त्यांनी पुढे साक्षीत सांगितलं. वरच्यांनी विचारविनिमय केला आणि सँडस्कीला बजावलं की विद्यापीठाच्या आवारात मुलांना आणू नका. पोलिसांना कुणीच कळवलं नाही. आवारात आणू नका! आवाराबाहेर काय होईल, हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नसेल का?

९ नोव्हेंबर २०११ च्या रात्री विश्वस्तांनी पटर्नोंना फोनवरून काढून टाकलं. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, वाहिनीची गाडी उलटी केली. ते गेले तेव्हा गावात अनेकांच्या तोंडी एकच होतं, की म्हाताऱ्याला अपमानाने मारलं. शोकसभेला बारा हजारांवर माणसं जमली. नायकी कंपनीचे फिल नाइट तिथे म्हणाले की या शोकांतिकेत खलनायक असेलच तर तो तपासात आहे, पटर्नोंच्या वागण्यात नाही. अख्खं सभागृह उठून टाळ्या वाजवत राहिलं. नायकीच्या मुख्यालयातल्या पाळणाघराला तेव्हा पटर्नोंचं नाव होतं. जुलैमध्ये पटर्नोंवरही ठपका ठेवणारा चौकशी अहवाल आला त्याच दिवशी ते काढण्याचा निर्णय जाहीर झाला. अहवाल पटर्नोंच्या कुटुंबाने फेटाळला, आजही त्यावर वाद आहे. पटर्नोंचा पुतळा हलवला, त्यांचे १११ विजय रद्द झाले, २०१५ मध्ये ते परत मिळाले. चारशे नऊ की दोनशे अठ्ठ्याण्णव, यावर लोक किती तावातावाने भांडले!

मेलेल्याचं वाईट बोलू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मी ते पाळत आलो आहे. पटर्नो दुष्ट होते, असं मला म्हणायचंच नाही. मला खुपतं ते त्यांच्या बाजूने सर्वांत जास्त वेळा दिलं गेलेलं उत्तर: त्यांनी वर कळवलं होतं. त्या गावात पटर्नोंच्या वर कोण होतं? कागदावर होते, पण पटर्नोंचा शब्द कोण मोडणार होतं?

आणि हे उत्तर मला खुपतं, कारण ते मी स्वतः दिलेलं आहे. शाळेत शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. आठवीतला एक मुलगा, कबड्डीत चपळ, एकाएकी सरावाला येईनासा झाला. मधल्या सुट्टीत तो जिन्याखाली एकटाच डबा उघडून बसायचा आणि न खाताच बंद करायचा. मैदानावरच्या एका माणसाबद्दल कुजबुज होती. मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. "बघतो," ते म्हणाले. खोलीबाहेर पडताना मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी विसरू शकत नाही. त्या मुलाशी मी एक शब्दही बोललो नाही. वर्ष संपलं, त्याचा दाखला गेला. तेव्हा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, नव्हता. आज त्या कायद्याच्या १९व्या कलमाने अशी गोष्ट थेट पोलिसांना कळवायची असते, मुख्याध्यापकांना सांगून सुटका नाही. पण जिन्याखाली जाऊन शेजारी बसायला मला कुठला कायदा हवा होता?

पेन स्टेटच्या प्रकरणात एक आई आहे. १९९८ साली तिचा अकरा वर्षांचा मुलगा सँडस्कीबरोबर व्यायामशाळेत जाऊन घरी आला. तिला दिसलं, याचे केस ओले आहेत. का ओले, तिने विचारलं. मुलाने सांगितलं, आम्ही दोघांनी शॉवर घेतला. दुसऱ्याच दिवशी तिने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. चौकशी झाली, पण सरकारी वकिलाने खटला भरला नाही आणि फाइल बंद झाली. जून २०१२ मध्ये सँडस्कीवर खटला उभा राहिला, ४५ आरोप सिद्ध झाले. त्या खटल्यात तो मुलगाही साक्षीला आला होता. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.