जनसुनावणी एकदाच होते

नगर-पुणे रस्त्यावरचे सुपा गाव एकेकाळी डोंगरावरच्या पवनचक्क्यांमुळे ओळखले जाई. आता ते औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. सुपा, म्हसणे फाटा या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. त्यांच्या मागोमाग गोदामे, भाड्याच्या खोल्या आणि इमारती आल्या. परिसरातल्या तरुणांना काम मिळाले. हलाल रोजी ही अल्लाहची नेमत आहे, तिचे स्वागतच व्हायला हवे.

पण पारनेर हा अवर्षणप्रवण तालुका आहे. याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने 1975 नंतर नालाबांध घातले, पाझर तलाव दुरुस्त केले, पाणी जमिनीत मुरवले, तेव्हा कुठे विहिरींना पाणी टिकू लागले. इतक्या कष्टाने साठणाऱ्या पाण्यात नवा वाटेकरी येतो, तेव्हा तो पाणी कुठून घेणार आणि वापरून झालेले कुठे सोडणार, हे विचारावेच लागते.

जहाजाची हदीस आपण बयानात ऐकलेली असते. सहीह बुखारीत ती हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून आली आहे. जहाजाच्या खालच्या मजल्यावरच्या लोकांना पाण्यासाठी सारखे वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून आपल्याच वाट्याच्या जागेत भोक पाडावे, असे त्यांच्या मनात आले. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील आणि त्यांचा हात धरला तर सगळेच वाचतील, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी समजावले. भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे इथे लक्षात घ्या. जागा त्यांची होती, पण पाणी सर्वांच्या पायाखाली शिरणार होते. हंगा नदीही पारनेरातून निघून पुढे श्रीगोंदे तालुक्यात विसापूरच्या तलावाला मिळते. वरच्या ओढ्यात जे सोडले जाईल ते खालच्या गावांपर्यंत पोहोचणारच.

भोक पडण्याआधी विचारपूस करण्याची सोय आपल्या कायद्यातही आहे. केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना काम सुरू करण्यापूर्वी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी हवा, पाणी, माती आणि वस्ती यांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास करून अहवाल तयार होतो. नुकसान कसे टाळणार, त्यावर किती खर्च करणार आणि देखरेख कोण ठेवणार, हे लिहिलेला व्यवस्थापन आराखडा त्याला जोडलेला असतो. जनसुनावणी लागू असलेल्या प्रकल्पात ती प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ होते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तिची किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना देते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात आणि सगळ्याचे चित्रीकरण होते.

आता महत्त्वाची गोष्ट. औद्योगिक वसाहतीला एकदा ही मंजुरी मिळाली की त्या वसाहतीत बसणाऱ्या पुढच्या कारखान्यांसाठी वेगळी जनसुनावणी होत नाही. 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना मंजुरी लागते, पण त्यांनाही सुनावणीतून सूट आहे. म्हणजे वसाहत किंवा तिचा नवा टप्पा येताना जी एक सुनावणी होते, तीच गावाच्या वाट्याची. त्या दिवशी जो बोलला नाही, त्याचे म्हणणे कागदावर येत नाही. गणसंख्येची अट नसल्याने माणसे कमी आली तरी सुनावणी पूर्ण धरली जाते.

तिथे जाण्याआधी अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत किंवा जिल्हा उद्योग केंद्रात पाहून घ्या. त्यात चार गोष्टी शोधा.

पहिली, विहिरींच्या पाण्याची पाहणी कोणत्या महिन्यांत झाली? असा अभ्यास बहुधा एकाच हंगामाचा असतो. पावसाळा सरल्यावरची भरलेली विहीर पाहून एप्रिल-मेचा अंदाज येत नाही. दुसरी, पाणी कोणत्या धरणातून वा तलावातून, रोज किती आणि टंचाईत कुणाचे आधी तोडणार? तिसरी, सांडपाण्याची प्रक्रिया यंत्रणा कारखाने सुरू होण्याआधी उभी राहणार की नंतर? चौथी, आजूबाजूच्या शाळा, दवाखाने आणि प्रार्थनास्थळे नोंदवली आहेत का? अर्जात अशा संवेदनशील ठिकाणांची माहिती द्यावीच लागते. आपली मशीद, मदरसा, उर्दू शाळा त्यात आहे का ते पाहा. कब्रस्तानच्या विहिरीचाही उल्लेख करायला सांगा.

बोलायला संकोच वाटत असेल तर लेखी निवेदन द्या. तेही तितकेच ग्राह्य असते. पोच मात्र घ्या. सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा सारांश मराठीत वाचून दाखवला जातो. तो संपेपर्यंत थांबा आणि आपला मुद्दा सुटला असेल तर तिथेच सांगा. घरातल्या महिलांनाही बरोबर न्या. नळाला पाणी किती दिवसांनी येते, हंडा भरायला किती वेळ लागतो आणि पाण्याचा रंग कधीपासून बदलला, हे त्यांच्याइतके नेमके कुणी सांगू शकत नाही.

मंजुरी मिळाली म्हणजे विषय संपला असेही नाही. मंजुरीपत्रात शर्ती असतात आणि त्या पाळल्याचा अहवाल दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. हा अहवाल सार्वजनिक असतो. ग्रामसभेत तो मागवून वाचता येतो. लावायची म्हटलेली झाडे खरोखर उभी आहेत का, हे तर चालत जाऊनही पाहता येते. मंजुरीच चुकीची वाटली तर पुण्यातील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते.

असे प्रश्न विचारणे म्हणजे कारखान्याला विरोध करणे नव्हे. मशवरा ही आपल्या दीनची शिकवण आहे आणि पाणी ही पुढच्या पिढ्यांची अमानत आहे. मशिदीच्या फलकावर जनाजा आणि निकाहच्या सूचना लागतात, तिथेच सुनावणीची तारीखही लागू द्या. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.